दीडशे इंच, दहा सेकंद

स्पूल मशीन विकणारा माणूस तुम्हाला हमखास एक गाणं वाजवून दाखवतो. मोबाइलवरून त्याच मशीनवर भरलेलं आणि त्याच मशीनवर वाजवलेलं. सूर बरोबर, ताल बरोबर, व्हीयू मीटरचे काटे डोलतायत. त्या गाण्यावर काडीचा विश्वास ठेवू नका. मशीन हळू फिरत असेल तर ते गाणं भरताना हळू फिरतं आणि वाजवतानाही तितकंच हळू फिरतं. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. खोट पकडायची तर दुसरीकडे, चांगल्या मशीनवर भरलेली टेप लागते. हे मला ठाऊक होतं आणि मी विचारलंही होतं. तरी हे लिहायला बसले, कारण मला मशीन विकणाऱ्या अंधेरीच्या गाळ्यातल्या गृहस्थाने नंतर आमच्या ओळखीत सांगितलं की "काकूंना मशीन कळलं नाही."

काकूंना मशीन कळतं. काकूंनी आधी बॉम्बे टेलिफोन्स आणि मग एमटीएनएल अशी एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आणि २०२० च्या जानेवारीअखेर सगळ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. तोवर रोज हातात मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न होतं. व्होल्ट वेगळे आणि हर्ट्झ वेगळे, हे मला त्याच्याकडून शिकायचं नव्हतं.

प्रश्न आमच्या बाईंच्या टेपांचा होता. १९८६ साली अंधेरीच्या एका लहान स्टुडिओत आम्ही बाईंची भावगीतं भरली. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, फोर्टातलं वेस्टर्न आउटडोअर ही नावं आम्ही ऐकून होतो, तिथला तासाचा दर विचारायची आमची टाप नव्हती. उपनगरातल्या स्टुडिओत पाव इंची टेपवर चार ट्रॅक मिळायचे, त्यात भागवायचं. पहिल्यावर बाईंचा आवाज, दुसऱ्यावर पेटी आणि व्हायोलिन, तिसऱ्यावर तबला, चौथ्यावर तानपुरा आणि स्वरमंडळ. तानपुऱ्यावर मी. पुढे कॅसेट निघाली. तिच्यात कोणीतरी एको इतका ओतला की बाईंचे शब्द कळेनात. बाई आता नाहीत. मूळ रिळं माझ्याकडे आली तेव्हा मला एवढंच हवं होतं, एकदा नुसता पहिला ट्रॅक ऐकायचा, एको नसलेला.

शेजारचे म्हणाले, आमच्याकडे गल्फहून आणलेलं अकाई आहे, त्यावर वाजवा की. हा सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगते. घरगुती स्टिरिओ स्पूल मशीन एका वेळी एक आणि तीन नंबरचे ट्रॅक वाजवतं. रीळ उलटं लावलं की चार आणि दोन येतात, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. शिवाय अशी बरीच मशीनं सात इंची रिळांची, आणि आमची टेप साडेदहा इंची रिळावर, सेकंदाला १५ इंच वेगाने भरलेली. चारही ट्रॅक एकदम, एकाच दिशेने वाजवणारं मशीन लागणार होतं. त्या काळातलं असं प्रसिद्ध मशीन म्हणजे जपानच्या टीॲक कंपनीचं ए-३३४०एस. चोर बाजारात स्पूल मशीनं दिसतात, पण चार ट्रॅकची सहसा नाहीत. म्हणून अंधेरीच्या गाळ्यात एक आहे असं कळल्यावर मी गेले. किंमत सांगत नाही. तेवढ्या पैशांत माझ्या भाच्याने स्कूटर घेतली.

पहिल्या भेटीत मी "ताई" होते. मशीन दिसायला सुरेख होतं. मी ते वळवून मागची पाटी वाचली: ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणजे अमेरिकेच्या बाजारासाठी केलेलं. शेजारी एक ट्रान्सफॉर्मर ठेवलेला.

मी म्हटलं, "याच्या हर्ट्झचं काय केलंत?"

"ट्रान्सफॉर्मर देतोय ना ताई सोबत."

"ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही."

"ते आम्ही आतून सेट केलंय. आपल्याकडे वीस वर्षं हेच काम आहे."

मी घरी येऊन व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आहे: "५० हर्ट्झ कन्व्हर्टेड, फुल ओव्हरहॉल, टेन्शन नको." आता सांगा, यात काकूंना काय कळलं नाही?

ज्यांचा विजेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या मशीनमध्ये टेप ओढणारा दांडा असतो, त्याला कॅप्स्टन म्हणतात. तो फिरवणारी मोटर सिंक्रोनस जातीची आहे. ती व्होल्ट किती येतात यावर फिरत नाही, वीज सेकंदाला किती हेलकावे खाते यावर फिरते. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. म्हणजे ६० साठी बांधलेलं मशीन आपल्या भिंतीतल्या विजेवर सहातल्या पाच भाग वेगाने फिरणार. पंधरा इंचांचे साडेबारा, साडेसातचे सव्वासहा. अर्ध्या तासाची टेप ३६ मिनिटं चालणार. उपाय आहे: मोटरवरची पुली बदलायची आणि मोटरचा कंडेन्सरही ५० हर्ट्झच्या मोजणीचा घालायचा. पण तो उपाय करावा लागतो, नुसता व्हॉट्सॲपवर लिहून होत नाही. पुढच्या काळातली डीसी सर्व्हो मोटरची मशीनं, टास्कॅम ३४ सारखी, या भानगडीत पडत नाहीत. तुम्हाला निवड असेल तर ती बघा.

दुसऱ्या भेटीला मी बाईंच्या टेपांपैकी एक रीळ सोबत नेलं. रिळाचा मधला मोठा हब त्याच्या ॲडॅप्टरवर बसतो का, एवढंच पाहायला. बसला. रीळ परत डब्यात घातलं, डबा टेबलावर ठेवला, आणि त्याला शब्दशः सांगितलं की ही टेप वाजवायची नाही, ॲम्पेक्स ४५६ आहे, चिकट झालेली असणार, आधी तिच्यावर काम करावं लागेल. "हो हो काकू." (तेव्हा मी काकू झाले होते.) गाळ्यात नेटवर्क नव्हतं म्हणून पैसे पाठवायला बाहेर पॅसेजमध्ये आले. पिन टाकली. पैसे गेल्याची हिरवी खूण आली. आणि आतून कुणी पुरुष गायला लागला.

शब्द ओळखीचे होते. चाल आमचीच. क्षणभर मला वाटलं, बाईंचं गाणं या माणसाकडे दुसऱ्या कुणाच्या आवाजात कसं? मग पाठीमागचा तानपुरा ऐकू आला आणि पोटात खड्डा पडला. तो मी लावलेला तानपुरा होता. बाईंची पट्टी काळी पाच. आतून येत होती ती पांढरी पाच, तिच्याही केसभर खाली. पेटीवर मोजून तीन पट्ट्या उतरलेल्या. बाईच गात होत्या, त्या यंत्राने त्यांना जड, घोगरं, म्हातारं करून टाकलं होतं. त्या एका ओळीत मला दोन गोष्टी कळल्या: मशीन कन्व्हर्ट केलेलं नाही, आणि नको म्हटलेली टेप त्याने लावली आहे.

मी आत पोचेपर्यंत टेप चिरकायला लागली होती. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. हेडवर टेप चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि गाण्याच्या वर एक किंचाळी येते. मी "थांबवा" म्हणेपर्यंत त्याने थांबवली, आणि मग जे करायचं नाही नेमकं तेच केलं. रिवाइंड दाबलं. पूर्ण वेगात. चिकटलेले वेढे एकमेकांवरून ओरबाडत निघाले. त्याने हेडचं झाकण काढलं, तपकिरी राप बोटाने पुसला आणि मला बोट दाखवून म्हणाला, "धूळ आहे काकू. जुन्या मालाला असतेच."

ती धूळ नव्हती. टेपवरचा ऑक्साइडचा थर होता तो, ज्यावर गाणं असतं. त्याच्या बोटावर आमच्या दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ होती. ती आता कुठेच नाही. कॅसेटमध्ये आहे, पण ती एकोच्या गाळात.

मी पैसे परत मागितले तेव्हा मी "मॅडम" झाले. मॅडम, विकलेला माल परत नाही. मॅडम, जुन्या टेपा ताणल्या जातात म्हणून आवाज खाली येतो. मॅडम, मोटर गरम झाली की स्पीड येईल. मॅडम, कॉम्प्युटरवर घेऊन फास्ट करा, हल्ली सगळं होतं. हीच उत्तरं तुम्हालाही मिळतील, म्हणून त्यांचा एकेक करून समाचार घेते. पॉलिस्टरची टेप अशी एकसारखी ताणली जात नाही. जिथे ताणली जाते तिथे ती दोरीसारखी वळते आणि डोळ्यांना दिसते. सिंक्रोनस मोटर गरम झाल्याने वेग पकडत नाही, ती विजेला बांधलेली आहे. आणि कॉम्प्युटरवर वेग वाढवून पट्टी जुळते हे खरं, पण मशीनमधलं इक्वलायझेशन १५ इंचांच्या वेगासाठी बांधलेलं असतं. साडेबाराने वाजवून नंतर वेग वाढवला तर खर्ज आणि तार यांचा तोल सरकतो. हा शेवटचा इलाज म्हणून ठीक आहे. पूर्ण पैसे घेऊन कन्व्हर्ट केलंय म्हणून विकलेल्या मशीनला हे उत्तर नव्हे.

आता चाचणी. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी या लेखाचं काम झालं. विकणाऱ्याकडे जाताना आपली मोलाची टेप नेऊ नका. कोरी किंवा टाकाऊ टेप न्या. तिच्या पाठीवर पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा करून न्या, एकमेकींपासून १५० इंचांवर, म्हणजे ३८१ सेंटिमीटर. शिंप्याची टेप ६० इंचांची असते, अडीच वेळा धरा. मशीनवर लावा, १५ चा स्पीड ठेवा, पहिली खूण हेडच्या झाकणाच्या कडेला आली की मोबाइलचं घड्याळ सुरू, दुसरी आली की बंद. दहा सेकंद आले तर मशीन खरं. बारा आले तर ते अमेरिकेच्या विजेची वाट पाहतंय. दोन सेकंदांचा फरक आहे, हात थरथरत असला तरी चुकत नाही. यात कुणाचं गाणं नको, कुणाचा कान नको, कुणाची वीस वर्षं नकोत. मी घरी आणून हेच केलं आणि व्हिडिओ त्याला पाठवला. बारा सेकंद. उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र आलं.

दुसरी युक्ती: व्यवस्थित स्टुडिओत भरलेल्या रिळाच्या सुरुवातीला कधीकधी एक सलग टोन असतो, बहुधा १००० हर्ट्झचा. फोनवरचं वारंवारता दाखवणारं साधं ॲप तिथे ८३३ दाखवायला लागलं तर आणखी काही विचारायचं नाही.

मशीन घरी आणलं ते मुलुंडला, रिक्षाने, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. वजन वीस किलोच्या आसपास आणि त्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. रिळं काढून ठेवा, मशीन मांडीवर घ्यायचा हट्ट धरू नका, खाली जाड गादी घाला. परत का केलं नाही असं सगळ्यांनी विचारलं. चार ट्रॅकचं दुसरं मशीन कुठून आणणार होते, ते कोणी सांगितलं नाही.

त्याने दिलेला ट्रान्सफॉर्मर उघडला तर तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर निघाला. स्वस्तातले बहुतेक स्टेप-डाउन तसेच असतात. त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगळी केलेली नसते, आणि अमेरिकी मशीनची पिन दोन दांड्यांची, अर्थिंग नाही. प्लग उलटा बसला तर मशीनच्या धातूच्या पत्र्याला झिणझिण्या येतात, आणि तुम्ही पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असता. दोन वेगळी वाइंडिंग असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट चालू करू नका, जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून करा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, बंद करा. ६० साठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, तेव्हा अधूनमधून हात लावून पाहा.

कंडेन्सर लॅमिंग्टन रोडला मिळाले. तो रस्ता अजून जिवंत आहे हे उपकार. फक्त सुटे, उघड्या डब्यातले घेऊ नका, बंद पाकिटातले, नावाच्या कंपनीचे घ्या. पुली भांडुपला एका लेथवाल्याकडून करून घेतली, आणि हा माणूस त्या गाळेवाल्यापेक्षा शंभर पटीने प्रामाणिक. मशीन काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, तसं त्याने सांगितलं आणि मग नीट विचारून काम केलं. नवी पुली जुनीच्या १.२ पट व्यासाची हवी, पण हिशेब पट्ट्याची जाडी धरून करायचा, नाहीतर थोडा वेग चुकतोच. पट्टा चपटा असतो म्हणून पुली मध्ये किंचित फुगीर ठेवावी लागते, तरच तो मध्यावर टिकतो. मधलं भोक जरा जरी मध्यापासून सरकलं तर प्रत्येक फेऱ्याला सूर हेलकावतो. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर ते लगेच कळतं, तबल्यावर कळत नाही. त्यामुळे पहिली पुली नापास झाली, लेथवाल्याने कुरकुर न करता दुसरी केली. बसवल्यावर दीडशे इंचांवर समाधान मानू नका. ७५० इंचांची टेप मोजून ५० सेकंद येतात का ते पाहा, त्यात बारीक चूकही दिसते.

आता चिकट टेपा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक टेपांमध्ये, विशेषतः पाठीला काळा थर असलेल्या ॲम्पेक्स ४०६, ४५६ मध्ये, चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बाइंडर हवेतला ओलावा शोषून घेतो आणि तुटतो. मुंबईच्या हवेत याला वेळ लागत नाही. ओळखायचं असं: रीळ हातात धरून हळूच फिरवा. सुटं टोक आपल्या वजनाने खाली पडायला हवं. वेढ्याला चिकटून राहिलं आणि सुटताना बारीक आवाज आला तर ती टेप मशीनला लावायची नाही, रिवाइंड तर अजिबात नाही.

उपाय म्हणजे भाजणं. ॲम्पेक्सनेच तो शोधून पेटंट घेतलं होतं. ५० ते ५४ अंश सेल्सियस, पाव इंची टेपला आठ तासांच्या आसपास, मधूनमधून रीळ उलटायचं, आणि नंतर तितकाच वेळ आपोआप थंड होऊ द्यायचं. मी तापमान ठरवता येणारा फळं वाळवायचा डीहायड्रेटर घेतला, त्याच्या आतल्या जाळ्या कापल्या आणि वेगळा थर्मामीटर आत ठेवला, कारण डीहायड्रेटरवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ओव्हन नको, मायक्रोवेव्ह तर नकोच. गाळेवाल्याने "मॅडम, गच्चीत पापडासारखं वाळत घाला" असंही सुचवलं होतं. भाजलेली टेप काही आठवडे वाजवण्याजोगी राहते, मग पुन्हा ओलावा धरते. तेव्हा भाजण्याआधी वाजवायची सगळी तयारी झालेली हवी.

एक मोठा धोका. त्याआधीच्या, साठच्या दशकापर्यंतच्या टेपा ॲसिटेटच्या असू शकतात. त्या कधीही भाजायच्या नाहीत. रीळ बाजूने उजेडासमोर धरा, वेढ्यांतून उजेड झिरपला तर ॲसिटेट. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती मरायला टेकली आहे, तिला बाकीच्या टेपांपासून वेगळं ठेवा. मुलुंड, घाटकोपरच्या जुन्या घरांत आजोबांनी गणेशोत्सवात भरलेल्या मैफिली अशाच टेपांवर असतात. कुणाच्या सांगण्यावरून डीहायड्रेटर घेऊन त्यांच्या मागे लागू नका.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनानंतर प्रत्येक घरात सॅनिटायझरची बाटली आहे आणि प्रत्येकाला ती वापरायची असते. तिच्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर हेडवर बसतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लांब ठेवा. पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल फार चोळू नका, ते कडक होतं. रबर चकचकीत किंवा लिबलिबीत झालं असेल तर रोलर बदलाच. हेडच्या तोंडावर नख फिरवा, टेपच्या कडांपाशी खाच लागली तर हेड झिजलंय. किंमत पाडून मागा, नाही तर निघा.

डीमॅग्नेटायझर वापरताना मशीन बंद, टेपा दुसऱ्या खोलीत, तो हेडपासून लांब असताना चालू करायचा, हळू जवळ न्यायचा, हळू लांब न्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद. हेडजवळ बंद केलात तर फायद्याऐवजी नुकसान.

या चार ट्रॅकच्या मशीनला सिमल-सिंक नावाची सोय असते. जुन्या ट्रॅकबरोबर नवा ट्रॅक भरताना, भरायचंच हेड ऐकण्यासाठीही वापरलं जातं, म्हणजे दोन्ही जुळतात. ॲम्पेक्सने १९५७ साली लेस पॉलला दिलेल्या आठ ट्रॅकच्या मशीनमध्ये हीच कल्पना होती. भरायला ती उत्तम. जुनी टेप कॉम्प्युटरवर घेताना मात्र चारही ट्रॅकवर ती बंद ठेवा आणि खऱ्या प्लेबॅक हेडवरूनच घ्या. सिंकवर वरचे सूर बोथट होतात. लाल रेकॉर्डची बटणं चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून मी त्यांच्यावर पुठ्ठा चिकटवला.

चारही ट्रॅक एकदमच घ्या, चार इनपुटच्या इंटरफेसवर. आधी दोन, मग दोन असं केलं तर दोन्ही वेळा टेप नेमक्या एकाच वेगाने पळत नाही, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत तबला गाण्याला सोडून जातो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची संघटना आयएसा, तिच्या टीसी-०४ या मार्गदर्शिकेत किमान ४८ किलोहर्ट्झ सांगितले आहेत, त्याहून जास्त घेतलेत तर चांगलंच. रिळाच्या डब्यावर नॅब किंवा आयईसी असं लिहिलेलं असेल तर तो डबा फेकू नका, कोणतं इक्वलायझेशन लावायचं ते त्यावरून ठरतं. आपल्या टेपांत खरंच मोलाचं संगीत असेल तर घरी उद्योग करण्याआधी एनसीपीएच्या संग्रहाशी किंवा गुरुग्रामच्या एआरसीई या १९८२ पासूनच्या संग्रहाशी बोला. गाळ्यात जाऊ नका.

पावसाळ्याबद्दल काय सांगायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरात तळमजल्यावर ठेवलेल्या किती टेपा गेल्या याची कुणी मोजदाद केलेली नाही. पूर नसतानाही जून ते सप्टेंबर हवा टेपेच्या विरुद्ध असते. माळ्यावर ठेवू नका, वर स्लॅब तापतो. लोखंडी कपाटात भिंतीला लावून ठेवू नका. कॅमेऱ्यांसाठी मिळणारं ड्राय कॅबिनेट घ्या, नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि ते दर महिन्याला गरम करून वाळवा. रिळं उभी ठेवा. रिवाइंड करून ठेवू नका, वाजवून झाली की तशीच, शेवट बाहेर ठेवून. पांढरी बुरशी दिसली तर नाकाला मास्क लावा आणि त्या टेपेला मशीनजवळ नेऊ नका.

नवी टेप अजून बनते. फ्रान्समधली रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेतली एटीआर या दोन कंपन्या बनवतात. चाचणीसाठी एखादं रीळ मागवा. जुन्या न वापरलेल्या ४५६ "सीलबंद" म्हणून कोणी देत असेल तर सील चिकटपणा अडवत नाही एवढं सांगा.

बाकी नेहमीचंच: बिल घ्या, जे बोलणं होईल ते लिहून घ्या, घाई करू नका, कुणाला तरी सोबत न्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मी तक्रार केली, नोटीसही पाठवली. जुन्या मालाला वॉरंटी नसते असं छापील उत्तर आलं. "५० हर्ट्झ कन्व्हर्टेड" हे लेखी असताना त्याचा वॉरंटीशी काय संबंध, हे विचारणारं पुढचं पत्र तयार आहे.

मशीन आता दहा सेकंदांत दीडशे इंच चालतं. पहिला ट्रॅक काळी पाचमध्ये आहे, दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ सोडून. पुलीचं मापांसकट ड्रॉइंग माझ्याकडे आहे. ६० हर्ट्झचं ३३४०एस घेऊन बसलेल्या कुणालाही फुकट देईन. तो गाळेवाला मात्र मागायला आला तर त्याने आधी माझे पैसे आणावेत.